मुरवलेल्या लाकडाची टिक

‘तुळई’ या आमच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती निघाली की आम्ही तिच्याबरोबर एक यादी काढतो. कुठले दोष दुरुस्त केले, कुठे सुधारणा केली. ही यादी जगात कोणी वाचत नाही. लिहिणारे आम्हीसुद्धा ती दुसऱ्यांदा वाचत नाही. अपवाद एकच, बल्लारशाचे कवडूजी चिमूरकर, वय चौऱ्याऐंशी, धंदा सुतारकी. ते माझे वडील. गेली बावीस वर्षं दर आवृत्तीला मी फोन करून त्यांना ती यादी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवते आणि ते पोथी ऐकावी तशी ऐकतात. ‘छपाईत शेवटचं पान कोरं येत असे, ते आता येणार नाही,’ असं मी वाचलं की ते "हं" म्हणतात. ‘तिरप्या वाशावर वाऱ्याचा दाब चुकून दोनदा धरला जात होता,’ याला जरा मोठा "हं". यादी संपली की त्यांचा प्रश्न ठरलेला.

"मुरवलेल्याची टिक हाय ना?"

"आहे, बाबा."

"मंग झालं," म्हणून ते फोन ठेवतात.

यंदा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मृण्मयीने ती टिक काढून टाकायचं ठरवलं.

मृण्मयी लोखंडे आमच्या नागपूरच्या कचेरीत दोन वर्षांपूर्वी आली. आडनाव लोखंडे आणि काम लाकडाचं, यावरून मी तिला पहिल्याच दिवशी चिडवून घेतलं. हा विनोद आपण कॉलेजात चार वर्षं ऐकला आहे, असं तिने शांतपणे सांगितलं, तेव्हाच मला ती आवडली. सध्या तिच्याकडे ‘तपासनीस’ आहे. म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामच्या पोटात शिरून त्याची ओळ न् ओळ वाचणारं यंत्र. ‘तुळई’ची बावीस वर्षांची ठिगळं त्याने नऊ दिवसांत वाचली आणि चारशे बारा दोष काढले. त्यातले बरेचसे माझ्या हातचे. तीनशे सतरावा घेऊन ती माझ्या टेबलाशी आली.

"मॅडम, हा चौकोन बघा. ‘लाकूड पाण्यात मुरवलेलं आहे का?’ टिक करा, नका करू, उत्तर तेच येतं. मागे काही जोडलेलंच नाही. पहिल्या आवृत्तीपासून."

"असेल."

"आणि बाजूला कोणीतरी टीप लिहून ठेवलीय. ‘बाबांसाठी. नंतर भरणे.’" तिने माझ्याकडे पाहिलं. "कोणाचे बाबा?"

"माझे."

ती हसली नाही. "गेल्या वर्षात चौदाशे ठिकाणी हा चौकोन टिक झालाय. आपण काहीतरी हिशेबात धरतोय, असं त्या लोकांना वाटतंय. ही फसवणूक आहे, मॅडम. शुक्रवारी यादी बंद होतेय. मी लिहून टाकते, ‘निरुपयोगी पर्याय काढून टाकला.’"

तिचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. फक्त ‘निरुपयोगी’ हा शब्द मला फोनवर वाचावा लागणार होता.

आमची ‘तुळई’ काय करते ते आधी सांगते. सिमेंटवर मर्यादा आल्या त्याला आता नऊ वर्षं होतील. तेव्हापासून आपल्याकडे पुन्हा लाकडात बांधू लागले. शहरात सात-आठ मजली इमारती फळ्या एकावर एक चिकटवून केलेल्या तुळयांवर उभ्या राहतात. त्या फळ्या भट्टीत वाळवतात, त्यांची काळजी नाही. पण ज्या गावांकडे स्वतःचं जंगल आहे तिथे त्याच्याही आधीपासून शाळा, दवाखाना, समाजमंदिर हे सगळं अख्ख्या सागाच्या तुळयांवर बांधतात. लांबी किती, वरचं ओझं किती, लाकूड कुठलं, एवढं सांगितलं की तुळई किती जाड हवी ते आमचा प्रोग्राम सांगतो.

अवघड भाग वाकण्याचा आहे. लाकडावर ओझं ठेवलं की ते लगेच थोडं वाकतं, आणि मग वर्षानुवर्षं, कोणाला न सांगता, आणखी वाकत राहतं. घरातली पुस्तकांची फळी आठवून पाहा. पावसाळ्यात लाकूड हवेतलं पाणी पिऊन फुगतं, उन्हाळ्यात ते सोडून आकसतं, आणि ओझ्याखाली असताना झालेली अशी प्रत्येक ये-जा त्याला थोडी खाली आणते. ओलं असताना बसवलेलं लाकूड सगळ्यात जास्त वाकतं, कारण ते खांद्यावर ओझं घेऊनच वाळतं. याचे आकडे बहुतेक थंड देशांतल्या प्रयोगशाळांनी काढलेले आहेत. आमच्याकडे मे महिन्यात सत्तेचाळीस अंश आणि जुलैत भिंतीला बुरशी. ते आकडे इथे तोकडे पडतात, आणि इथले आकडे कोणी काढले नाहीत.

दोन हजार एकोणतीस साली आम्ही चौघांनी ‘तुळई’ सुरू केली तेव्हा धंतोलीत एका दंतवैद्याच्या दवाखान्यावरच्या दोन खोल्या आमच्याकडे होत्या. खालून दिवसभर दात कोरल्याचा आवाज यायचा. लाकडाच्या इमारती म्हटलं की लोक हसायचे. ते दिवस मला आता फार आठवतात. एकच पंखा होता आणि तो कोणाकडे फिरवायचा यावरून आमची भांडणं व्हायची. तरी कामाची मजा अशी होती की घरी जावंसं वाटायचं नाही.

पहिली आवृत्ती दाखवायला मी बाबांना नागपूरला आणलं होतं. त्यांनी पडदा बराच वेळ पाहिला. मी एकेक रकाना समजावून सांगितला. शेवटी ते म्हणाले, "हे समदं बरं हाय. पण लाकूड मुरवलं का नाई, हे कुठी इचारते?"

बाबांच्या घरामागे एक बोडी आहे. बोडी म्हणजे आमच्याकडचं छोटं तळं. सागाचा लठ्ठा, म्हणजे अख्खा ओंडका, आला की बाबा तो चार महिने त्या बोडीत बुडवून ठेवत, मग बाहेर काढून आठ महिने सावलीत. त्यांच्या वडिलांनीही तेच केलं. माझं सगळं लहानपण त्या बोडीच्या काठी गेलं. सागाच्या भुशाचा वास, बोडीतून निघालेल्या काळ्या लठ्ठ्यांचा वास, आणि गेरूत बुडवलेली दोरी. लठ्ठ्यावर रेघ मारायची असली की दोरीचं एक टोक बाबा धरत आणि दुसरं मी. "हलू नको," ते म्हणत, आणि दोरी ताणून सोडत. लाकडावर लाल रेघ उमटायची आणि माझ्या फ्रॉकवर लाल ठिपके. आई ओरडायची. मला सातवीपर्यंत वाटत होतं की आमचं सगळं घर त्या रेघेवर चालतं.

मुरवण्याचा काहीच आकडा नाही, आणि आकड्याशिवाय गुणक टाकता येत नाही, हे मला माहीत होतं. ते बाबांना सांगायची मात्र हिंमत झाली नाही. एवढं शिकलेली मुलगी आणि तिच्या यंत्रात बापाच्या कामाला जागा नाही, असं त्यांच्या तोंडावर म्हणावं लागलं असतं. मी त्या रात्री चौकोन टाकला, मागे काही न जोडता. सकाळी दाखवला. बाबांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिला.

त्यानंतर ते गावोगाव सांगत सुटले. पोरीच्या यंत्रात मुरवण्याचा हिशेब आहे, हे आख्ख्या चंद्रपूर-गडचिरोलीला कळलं. गावांनी बोड्या उपसल्या, गाळ काढला, लठ्ठे बुडवले. यंत्र विचारतंय म्हणजे केलं पाहिजे. आणि मी बावीस वर्षं, वर्षातून दोनदा, फोनवर "आहे, बाबा" म्हणत राहिले.

मृण्मयीला मी म्हटलं, "शुक्रवारपर्यंत त्या ओळीला हात लावू नकोस." आणि मंगळवारी सकाळी बल्लारशाला गेले.

बाबा अंगणात रंध्याचं पातं घासत बसले होते. आता ते मोठं काम करत नाहीत, पण हत्यारं धारेला लावलेली असतात. मला पाहून म्हणाले, "यादी घेऊन आली का? फोन नव्हता का?"

"यादी अजून झाली नाही."

"मंग कायले आली?"

चहा झाला. जेवण झालं. मी शेजारच्यांची चौकशी केली, छपराची केली, गुडघ्याची केली. दुपारी बोडीच्या काठावर जाऊन बसलो. पाण्यात एकच लठ्ठा होता, त्याच्या टोकावर खंड्या बसला होता. आता नाही सांगितलं तर मी शुक्रवारीही सांगणार नाही, हे मला कळत होतं. छप्पन्न वर्षांची बाई मी, हाताखाली तीस माणसं, आणि बापापुढे तोंड उघडत नव्हतं.

"बाबा, ती टिक खोटी आहे," मी म्हटलं. "तिच्यामागे काही नाही. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून मी नुसता चौकोन काढून ठेवला होता. हिशेबात काही फरक पडत नाही. कधीच पडला नाही."

बाबांनी पाण्याकडे पाहिलं. "मले मालूम हाय."

"कधीपासून?"

"तवापासूनच. तू नागपुरात दाखवलं, मंग बाजूच्या वामनरावच्या पोरानं आपल्या कम्प्युटरवर दाखवलं. म्या म्हटलं, टिक कर. आकडा पाह्यला. म्हटलं, काढ. आकडा तोच. मले आकडे वाचता येत नाई का?"

मी त्यांच्याकडे वळून बसले.

"म्या समजलो," ते म्हणाले, "पोरीनं खाच पाडून ठेवली, कुसू नंतर बसवन. आपण नाई का करत? चौकट उभी करायची तं खाचा आधी पाडून ठेवा लागते, त्यात बसायचा कुसू मागून होते. कामच तसं हाय."

"मग मला विचारलं का नाही? दर वेळी ‘टिक हाय ना’ म्हणून विचारायचात."

"तेच तं इचारत होतो. खाच बुजवली तं नाई ना, हे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आणखी खोलून इचारलं असतं तं तू खोटं बोलली असती. कायले बोलायले लावायचं तुले खोटं?"

मी तिथेच रडले. खंड्या उडाला. बाबांनी मला रडू दिलं, मग म्हणाले, "चाल घरात. तुले काही द्याचं हाय."

देवाच्या फळीवरून त्यांनी लाल पुठ्ठ्याची लांबट वही काढली. मी उघडली. पेन्सिलीने लिहिलेल्या ओळी, अक्षर टोकदार, कोरल्यासारखं. ‘कोसमटोला, शाळा. पाणी ४, सावली ८. पहिला दसरा, पाव सूत. दुसरा दसरा, पाव सूत. तिसरा, अर्धा सूत.’ पुढच्या पानावर वडगुड्याचं समाजमंदिर. त्याच्या पुढे एक दवाखाना. एकंदर चौतीस इमारती, काही वीस-वीस वर्षांच्या.

"दसऱ्याले हत्यारं पुजली का दुसऱ्या दिवशी निघत होतो," बाबा म्हणाले. "तुळईच्या खालून दोरी ताणायची, मधात किती खाली आली ते मोजायचं. एका टोकाले खिळा, दुसऱ्या टोकाले मी. तुले कुसू करायले माप लागन ना कधी, म्हणून."

"यात काही ठिकाणी ‘टिक खोटी’ लिहिलंय, ते काय?"

"यंत्रात टिक केली, पण बोडीत लाकूड टाकलंच नाई. असेही लोक हाय. काईंनी पाण्यातून काढलं आन् दोन महिन्यांत ठोकलं. तेही लिहिलं. सोयीचं तेवढं लिहून मापाचा काय उपेग?"

मी पानापानाचा फोटो काढून मृण्मयीला पाठवला. अर्ध्या तासात तिचा फोन आला. आवाज बदललेला होता. "मॅडम, हे काय आहे? असं काही जगात कोणाकडे नाहीये. आपले तंतू सात वर्षांपूर्वी आले, तेसुद्धा फक्त शहरातल्या इमारतींत." तुळईच्या आत काचेचा केसाएवढा तंतू घालून वाकणं मोजायची सोय आता आहे, ती त्याबद्दल बोलत होती. "फक्त सूत म्हणजे किती?"

"इंचाचा आठवा भाग. सुतार त्यातच मोजतात."

"मी दोन दिवसांत बघते. कदाचित तुमचे बाबा बरोबर निघतील."

त्या दोन दिवसांत मी बाबांकडेच राहिले. बाबा दिसायला नेहमीसारखेच होते, पण बुधवारी दोनदा आणि गुरुवारी सकाळी तीनदा त्यांनी "ते लोखंडेबाईचं आलं का?" म्हणून विचारलं. एवढं शांतपणे ‘मले मालूम हाय’ म्हणणारा माणूस आतून परीक्षेच्या निकालाची वाट पाहत होता.

निकाल गुरुवारी दुपारी आला. मृण्मयीने आधी मलाच सांगितलं, आणि हळू आवाजात. पाण्याने काही फरक पडत नव्हता. फरक सगळा सावलीतल्या महिन्यांचा होता. आठ महिने सावलीत राहिलेली तुळई घाईने बसवलेल्या तुळईच्या निम्म्याहून कमी वाकली होती, मग ती आधी पाण्यात असो वा नसो. पाण्यातून काढून दोन महिन्यांत ठोकलेल्या तुळया ओल्या लाकडासारख्याच वाकल्या होत्या.

"कीड लागू नये म्हणून पाणी चांगलंच आहे म्हणावं," ती म्हणाली. "त्याला आधार आहे. पण वाकण्यासाठी नाही. सॉरी, मॅडम."

या वेळी मी दुपार घालवली नाही. सरळ बाबांपुढे जाऊन बसले आणि जसं होतं तसं सांगितलं. मापं त्यांचीच होती, त्यामुळे वाद घालायला जागा नव्हती. ते उठले आणि बोडीकडे चालू लागले. मी मागून गेले. काठावर ते उभे राहिले. पन्नास वर्षं ज्या पाण्यावर विश्वास ठेवला ते पाणी समोर हिरवं, निवांत पडलं होतं.

"माझा बाप थंडीत कमरेभर पाण्यात उभा राहून लठ्ठे फिरवत होता," ते म्हणाले. "बेकारच फिरवले म्हणाचे."

"किडीसाठी..."

"ते राहू दे." मग त्यांनी काठीने पाण्यातला लठ्ठा दाखवला. "हा बाहेर काढला का कसा दिसते?"

"काळा. ओला. वासही येतो."

"हो ना. अडाण्यालेही दिसते का हा ओला हाय. कोणी म्हणन का लावा लवकर? आन् डेपोतून नवा लठ्ठा आला का वरून खडंग दिसते. आतमंदी समदं पाणी. पण मालक येते, हात लावून पाहते, म्हणते का मिस्त्री, कोरडं तं हाय, काहून थांबता? त्याले किती समजावन? पाण्यातून काढलेलं असलं का समजावाच लागत नाई. आपणहून सावलीत ठेवते." ते माझ्याकडे वळले. "पाणी लाकडासाठी नसनच, बाई. मालकासाठी असन."

मी मृण्मयीला तिथूनच फोन लावला आणि हे जसंच्या तसं सांगितलं. ती मग म्हणाली, "आपल्या चौकोनाने तेच केलं की. आकड्याला काही केलं नाही. माणसांना थांबवलं." आणि पुन्हा ती मृण्मयी लोखंडेच असल्यामुळे पुढे म्हणाली, "पण तरी लोकांना खरं सांगावं लागेल."

"सांगू. पण तो चौकोन काढू नकोस."

मापं तपासायला, मग हिशेबात बसवायला वेळ लागला. ती आवृत्ती मेच्या अखेरीला निघाली. यादी घेऊन मी बल्लारशाला गेले नाही, फोन मात्र नेहमीच्या वेळी, संध्याकाळी सहाला केला. चारशे बारा दोषांची यादी होती. बाबांनी तीनशे सोळा ‘हं’ म्हटले. मग मी वाचलं.

"‘दोष क्रमांक तीनशे सतरा. लाकूड पाण्यात मुरवलेलं आहे का, या पर्यायामागे पहिल्या आवृत्तीपासून कोणताही हिशेब नव्हता. ही चूक प्रणिता चिमूरकर यांची असून वापरणाऱ्यांची त्या माफी मागतात. पाण्यात मुरवल्याने वाकणं कमी होत नाही. त्यानंतर लाकूड सावलीत किती महिने ठेवलं, त्याने होतं. हा प्रश्न आता त्या पर्यायाखालीच विचारला जाईल, आणि त्याचं उत्तर हिशेबात धरलं जाईल. मूळ पर्याय तसाच ठेवला आहे. बोडी असलेल्या गावांनी ती बुजवू नये. मापं, कवडूजी चिमूरकर, सुतार, बल्लारशा. चौतीस इमारती, वीस दसरे.’"

पलीकडून ‘हं’ आला नाही. मी उरलेले पंच्याण्णव दोष वाचले, तेही त्यांनी गुपचूप ऐकले. यादी संपली. मी त्यांच्या प्रश्नाची वाट पाहत राहिले. बावीस वर्षांत पहिल्यांदाच ‘आहे’ म्हणताना मला काही लपवायचं नव्हतं.

प्रश्न आलाच नाही.

"दसऱ्याले सुट्टी मिळन का तुले?" बाबांनी विचारलं.

"घेईन. का?"

"या वर्षी खिळा नाई ठोकत म्हणतो. दोरीचं दुसरं टोक तू धरजो."